कण, थेंब आणि आपला श्वास

संकेश्वरी मिरचीचे पोते घराच्या कोपऱ्यात महिनाभर पडून असले, तरी त्याची कोणास वार्ताही लागत नाही. तीच मिरची कांडपयंत्रात पडली की सबंध गल्ली शिंकू-खोकू लागते. मिरची तीच, तिचे वजन तेवढेच, तिखटपणाही तेवढाच. मग पोत्यात निमूट बसलेल्या मिरचीच्या अंगी हे सामर्थ्य आले कोठून? ते आले फुटण्यातून. पदार्थ फुटून त्याचे बारीक कण झाले, द्रव पदार्थ फुटून त्याचे थेंब झाले, की त्याचा स्वभाव पालटतो. तो लवकर विरघळतो, लवकर पेटतो, लवकर सुकतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन दूरवर जातो. या स्वभावावर आपल्या भागातील कितीतरी धंदे उभे आहेत, आणि या स्वभावामुळेच त्या धंद्यांत राबणाऱ्या माणसांच्या छातीत रोग शिरतो. या दोन्ही गोष्टींचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक साधे गणित करू. एक सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा खडीसाखरेचा एक चौकोनी खडा घ्या. त्याला सहा बाजू. प्रत्येक बाजूचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर; म्हणजे सगळा मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. आता या खड्याचे एकेक मिलिमीटरचे तुकडे केले, तर १,००० तुकडे होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर भरेल. आणखी पुढे जाऊन एकेक मायक्रॉनचे कण केले, तर? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाड असतो. असे कण होतील एक लाख कोटी, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग होईल ६ चौरस मीटर. आठ फूट लांब व आठ फूट रुंद अशा खोलीची जमीन जेवढी, तेवढा पृष्ठभाग त्या एका बोराएवढ्या खड्यातून निघाला! साखर तेवढीच राहिली. वाढला तो केवळ तिचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध. विरघळणे, जळणे, वाळणे, वास सुटणे या साऱ्या क्रिया पदार्थाच्या पृष्ठभागावर घडतात. म्हणून पृष्ठभाग वाढला की या क्रियांचा वेगही वाढतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी सूत्रात मांडण्यापूर्वीच आपल्या घरांना आणि शेतांना ठाऊक होती. चूल पेटविताना आपण ओंडका लावीत नाही, ढलप्या लावतो. बेळगाव शहराच्या उद्योगाचा आरंभही एका अर्थाने तुकडे करण्यापासूनच झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे ज्या वस्तू तेथे घडविल्या, त्यांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्रही होते. सबंध ताट जनावर अर्धवट खाते आणि उरलेले तुडविते. तोच कडबा बारीक कापून घातला की वाया कमी जातो. १९१० साली किर्लोस्करांनी बेळगाव सोडून किर्लोस्करवाडी वसविली. परंतु लहान तुकडे करण्याचा लाभ ओळखणारी दृष्टी या भागात राहिली, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या साखर कारखान्यांत ऊस चरकात जाण्यापूर्वी सुऱ्यांनी आणि हातोड्यांनी त्याचा चोथा केला जातो, तो याच कारणाने. पेशी जितक्या अधिक फुटतील, तितका रस अधिक सुटतो.

मात्र फोडणे हे फुकट होत नाही. १८६७ साली रिटिंगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने असा नियम मांडला की, दळण्यास लागणारी शक्ती नव्याने निर्माण होणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडाभरडा दळण्यापेक्षा पीठ दळण्यास अधिक शक्ती हवी, आणि पिठापेक्षा मैद्यास त्याहून अधिक. त्यातही गंमत अशी की, यंत्राला दिलेल्या शक्तीपैकी अगदी थोडा अंश खरोखर कण फोडण्याच्या कामी येतो. बाकीची बहुतेक सारी उष्णतेत जाते. गिरणीतून नुकतेच आणलेले पीठ हाताला गरम का लागते, त्याचे उत्तर येथे आहे. दळण्याचा दुसरा एक गुण असा की, दळणारा जो आकार मागतो, तेवढाच आकार यंत्र कधीच देत नाही. हव्या असलेल्या कणांबरोबर नको असलेली भुकटी निघतेच. ही नको असलेली भुकटी कोठे जाते, हा आजचा खरा प्रश्न आहे. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

आता द्रवाकडे वळू. घन पदार्थ भेगा पडून फुटतो. द्रवाची गोष्ट वेगळी आहे. द्रवाच्या पृष्ठभागाला एक प्रकारचा ताण असतो, त्यास पृष्ठताण म्हणतात. हा ताण द्रवाला शक्य तितका आटोपशीर, म्हणजे गोल करू पाहतो. घरातील नळ अगदी बारीक सोडून पाहा. वर पाण्याची अखंड धार दिसते. खाली गेल्यावर तीच धार तुटून तिचे थेंब होतात. बेल्जियमचे प्लॅटो आणि इंग्लंडचे लॉर्ड रॅले या दोघा शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात या धारेचा अभ्यास केला. धारेवर तिच्या परिघाहून लांब अशी किंचित लाट उठली की पृष्ठताणच ती लाट वाढवितो, कंबर आवळल्याप्रमाणे धार जागोजाग आवळली जाते आणि शेवटी तुटते. १८७८ साली रॅले यांनी केलेल्या गणितावरून असे निघते की, या थेंबाचा व्यास धारेच्या व्यासाच्या सुमारे १.९ पट असतो. द्रवाला एकत्र ठेवणारा ताणच त्याला फोडतो, हे मोठे नवल आहे.

थेंब मोठा असला आणि वारा जोराचा असला, तर फुटण्याची दुसरी रीत दिसते. पावसाचा थेंब पाच-सहा मिलिमीटरहून मोठा क्वचितच का आढळतो? कारण तो खाली येताना समोरची हवा त्याला दाबते. तो आधी पुरीसारखा चपटा होतो, मग फुगलेल्या पिशवीसारखा पसरतो आणि फाटतो. हवेचा रेटा थेंबाला फाडू पाहतो आणि पृष्ठताण त्याला सांभाळू पाहतो. या दोहोंच्या गुणोत्तरास अभियंते वेबर अंक म्हणतात. तो अंक साधारण बाराच्या वर गेला की थेंब हरतो आणि हवा जिंकते. फवाऱ्याचे तोंड, डिझेल इंजिनातील सुई, रंग उडविण्याची बंदूक ही सारी साधने या एका झुंजीवर चालतात. डिझेल इंजिनात तेल हवेच्या शेकडो पट दाबाने, आणि आधुनिक इंजिनांत तर हजारपटीहूनही अधिक दाबाने, बारीक छिद्रांतून सोडले जाते. त्याचे इतके सूक्ष्म थेंब होतात की क्षणार्धात त्यांची वाफ होऊन ते पेटतात. तेच तेल वाटीत ओतून काडी लावली तर सहजासहजी पेटणारही नाही.

साखर कारखान्याच्या आवारात ज्याला 'स्प्रे पाँड' म्हणतात, ते फवाऱ्यांचे तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. रस आटविणाऱ्या यंत्रणेची वाफ थंड करताना तापलेले पाणी तेथे कारंजांनी हवेत उडविले जाते. शोभेसाठी नव्हे, तर पाण्याचा पृष्ठभाग वाढविण्यासाठी. थेंबांच्या अंगावरून थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. शंभर लिटर पाण्यातील केवळ एक लिटर असे उडून गेले, तर बाकीचे पाणी साधारण पाच-सहा अंशांनी निवते. मातीच्या माठाचे शास्त्र तेच आहे. कारखान्याने ते मोठ्या प्रमाणावर वापरले एवढेच.

येथवर आपण फुटण्याचे लाभ पाहिले. परंतु कण बारीक झाला की तो आपल्या ताब्यात राहत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. खळ्यावर वावडीवर उभे राहून उफणणी करणारा शेतकरी सुपातून धान्य सोडतो. दाणा पायाशी पडतो, भुसा दोन हात दूर जातो आणि बारीक कूस तर कोठे गेले हे कोणी पाहतही नाही. वाऱ्याने केलेली ही वाटणी कोणत्या नियमाने होते, ते १८५१ साली जॉर्ज स्टोक्स यांनी गणिताने दाखविले. सूक्ष्म कणाचा खाली पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला तर वेग चौथाई होतो. व्यास दशांश झाला तर वेग शतांश होतो. आकड्यांत सांगावयाचे तर, पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणास त्यासाठी सुमारे आठ मिनिटे लागतात. आणि १ मायक्रॉनचा कण? हवा अगदी निश्चल असली तरी त्याला बारा तासांच्या आसपास लागतात. पण कामाच्या जागी हवा निश्चल कधीच नसते. माणसे ये-जा करतात, पंखे फिरतात, दारे उघडतात. म्हणून असा कण पडतच नाही म्हटले तरी चालेल. सकाळच्या पाळीने उडविलेली धूळ संध्याकाळची पाळी श्वासात घेते.

श्रोतेहो, हा नियम मनात ठेवून आता निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत डोकावून पाहू. निपाणीचा परिसर बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. शेतात उन्हाने वाळविलेला तंबाखू वखारीत येतो, तेथे तो झोडला जातो, चाळला जातो, देठ-काडी वेगळी केली जाते आणि बिडीत भरण्याजोगा जर्दा निवडला जातो. हे काम मुख्यत्वे स्त्रियांनी केले आहे. बिडीला पानाचे ठरावीक आकाराचे तुकडे हवेत. पण मघाशी सांगितल्याप्रमाणे, झोडणाऱ्याला हवे तेवढेच तुकडे कधीच मिळत नाहीत. वाळलेले पान ठिसूळ असते. ते तुटताना त्याची भुकटी होते आणि चाळणीच्या प्रत्येक झोक्याबरोबर खकाणा उठतो. जाड खकाणा अंगावर, केसांत, पदरावर बसतो. तो दिसतो, म्हणून झटकता येतो. बारीक खकाणा दिसत नाही. तो हवेत राहतो आणि श्वासाबरोबर आत जातो. शिवाय तंबाखूच्या अंगी निकोटीन आहे. नवख्या बाईला पहिल्या दिवसांत मळमळ, चक्कर आणि डोकेदुखी होते, तिला जुन्या बाया 'सवय होईल' असे सांगतात. सवय नाकाला होते, घशाला होते. फुप्फुसाला मात्र सवय होत नसते.

१९८० च्या सुमारास निपाणीच्या या स्त्री-कामगारांनी संघटित होऊन आपल्या कामाच्या परिस्थितीविरुद्ध आवाज उठविला. 'युगांतर' या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर एक माहितीपट काढला, त्यामुळे त्यांचे चेहरे आणि त्यांचे शब्द पुढच्या पिढ्यांसाठी राहिले आहेत. त्या लढ्याची राजकीय बाजू सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, शास्त्राच्या पुस्तकात ज्याला आपण 'कणांचे विकिरण' असे भारदस्त नाव देतो, ते येथे एका आईच्या खोकल्याचे नाव आहे. मी शाळेत शास्त्र शिकवितो. वर्गात अशा घरांतली मुले बसतात आणि स्टोक्सचा नियम वहीत उतरवून घेतात. तो नियम परीक्षेपुरता शिकवून थांबणे मला योग्य वाटत नाही.

आता बेळगावकडे या. उद्यमबागेत आणि आसपास ओतकामाच्या अनेक फौंड्र्या आहेत. पंपांचे, झडपांचे, इंजिनांचे भाग तेथे ओतले जातात. ओतकामाचा साचा वाळूचा असतो, आणि वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. समुद्रकिनारी किंवा नदीच्या पात्रात हीच वाळू निरुपद्रवी असते, कारण तिचा दाणा जाड असतो. त्यातला कण नाकापलीकडे जात नाही. परंतु साच्यात वितळलेले लोखंड ओतले की चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस वाळूला भिडतो. त्या आघाताने दाणे तडकतात. तीच वाळू पुनःपुन्हा वापरली जाते आणि प्रत्येक खेपेस तिच्यातील भुकटी वाढत जाते. ओतीव भाग थंड झाल्यावर साचा फोडणे, चिकटलेली वाळू झाडणे आणि चाकावर भाग घासून साफ करणे, या तीन कामांत ही भुकटी हवेत उडते.

ती आत गेल्यावर काय होते, हे समजण्यासाठी आपल्या फुप्फुसाची रचना पाहावी. निसर्गानेही तेथे फोडण्याचीच युक्ती योजिली आहे. श्वासनलिकेला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळ्यांच्या टोकाला कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश. या विभागणीमुळे मुठीत मावणाऱ्या छातीतही नव्हे, पण दोन हातांच्या कवेत मावणाऱ्या छातीत सुमारे ७० चौरस मीटरचा पृष्ठभाग सामावला आहे. म्हणूनच एका श्वासात आपल्याला पुरेसा प्राणवायू मिळतो. नाकातील केस आणि घशातील ओलावा १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक अडवितात. चार-पाच मायक्रॉनहून लहान कण मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे रक्षणासाठी असलेल्या पेशी त्यांना गिळतात. साधी धूळ असेल तर त्या पेशी ती पचवितात किंवा बाहेर वाहून नेतात. सिलिकाचा कण गिळणारी पेशी मात्र स्वतःच मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी येते, तीही मरते. या न संपणाऱ्या झगड्यात फुप्फुसावर व्रण उठतात आणि मऊ स्पंजासारखी ती जागा कठीण होत जाते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो, काम सोडल्यावरही वाढू शकतो, क्षयरोगाला दार उघडून देतो, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध आजही उपलब्ध नाही.

हे दूरच्या देशाचे वर्णन नाही. आपल्याच राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकात कामगारांची तपासणी झाली, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांत हा रोग आढळला. त्या खाणी २००१ साली बंद झाल्या. सोने बाहेर गेले, आणि खडक फोडताना उडालेली धूळ खाणकामगारांच्या छातीत राहिली.

बारीक कणांचा आणखी एक धोका सांगून मग उपायांकडे वळतो. धान्य, पीठ, साखर, लाकूड या जळणाऱ्या पदार्थांची भुकटी बंद जागेत हवेत दाट पसरली आणि ठिणगी मिळाली, तर ती बंदुकीच्या दारूसारखी उडते. १७८५ च्या डिसेंबरात इटलीतील तुरीन शहरात एका भट्टीवाल्याच्या कोठारात पिठाचा असा स्फोट झाल्याची नोंद आहे. आणि ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. ज्या साखरेने आपण तोंड गोड करतो, तीच धूळ होऊन तुळयांवर, यंत्रांवर साचली की काळ होते. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात ही गोष्ट प्रत्येक कामगाराच्या कानी गेली पाहिजे. तुळईवरची साखर झाडणे हे केवळ टापटिपीचे काम नाही, ते जीव वाचविण्याचे काम आहे.

उपाय कोणते? ते सारे मघाच्या नियमांतूनच निघतात. फुटलेले कण पुन्हा एकत्र आणले की ते जड होतात आणि खाली बसतात. आपल्या गुऱ्हाळांत गुळव्या काहिलीत रानभेंडीचे बुळबुळीत पाणी घालतो, ते का? त्या चिकट पाण्याने रसातील सूक्ष्म मळ एकमेकांस धरून गोळा होतो, मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढता येते. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्यात शिजविले जाते. त्यातून ॲल्युमिना विरघळून निघाले की मागे तांबड्या चिखलाचे अतिसूक्ष्म कण तरंगत राहतात. ते आपोआप लवकर बसत नाहीत. अशा चिखलाला खाली बसविण्यासाठी या धंद्यात पूर्वी पिष्टमय पदार्थ वापरीत, पुढे कृत्रिम रसायने आली. गुळव्याची भेंडी आणि अभियंत्याचे रसायन एकच काम करतात: फुटलेल्यांना जोडतात.

हवेतील धुळीवर पाणी शिंपडावे, ही कल्पना सर्वांना सुचते. परंतु तेथे थेंबाचा आकार पाहावा लागतो. मोठा थेंब खाली येताना आपल्यापुढची हवा बाजूस सारतो आणि सूक्ष्म कण त्या हवेबरोबर थेंबाला वळसा घालून निसटतो, जसे नदीतले पान खडकाला वळसा घालून पुढे जाते. कणाला पकडावयाचे तर थेंब कणाच्या आकाराशी मिळताजुळता बारीक हवा. म्हणून झारीने पाणी ओतून उडालेली धूळ मरत नाही. ते पाणी जमिनीवर बसलेली धूळ पुन्हा उडू देत नाही, एवढाच त्याचा उपयोग, आणि तोही लहान नाही. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओला झाडू मारावा. दाबाच्या हवेची नळी घेऊन यंत्र झटकणे तर सर्वांत वाईट, कारण बसलेली धूळ त्याने पुन्हा नाकापाशी येते. अर्थात वखारीत पाणी जपून वापरावे लागते, कारण ओला तंबाखू झोडला जात नाही आणि कुजतो. फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाजवळ पाणी जाणे तर प्राणघातक. तेथे दुसरा मार्ग धरावा लागतो.

तो मार्ग असा की, धूळ जेथे जन्मते तेथेच तिला धरावे. चाळणीला आच्छादन घालावे, घासण्याच्या चाकावर कवच बसवावे आणि त्यातून नळीने हवा शोषून घ्यावी. शोषलेली हवा आधी वावटळीसारखी गरगर फिरविणाऱ्या उभ्या नळकांड्यातून नेतात. तेथे जाड कण भिंतीवर आपटून खाली पडतात. बारीक कण त्यातून सुटतात, म्हणून ती हवा पुढे कापडी पिशव्यांतून गाळावी लागते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमात नेमके हेच सांगितले होते: शोषणाचे साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ असावे आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त असावा. पुढे कायद्यांची नावे आणि कलमे बदलली. निसर्गाचा नियम बदललेला नाही. एकदा कण खोलीभर पसरला की त्याला गोळा करणे कोणाच्याही हातचे राहत नाही.

शेवटचा उपाय तोंडावरच्या आवरणाचा. पदर किंवा रुमाल नाकाशी धरला की मनाला समाधान वाटते. जाडी धूळ त्याने अडतेही. पण ज्या कणांची खरी भीती, ते साध्या कापडाच्या विणीतून आरपार जातात. ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडविणारे मुखपट्ट मिळतात, तेच वापरावेत आणि ते चेहऱ्याला घट्ट बसले पाहिजेत. तरीही हा उपाय शेवटचाच. ज्या मालकाने कामगाराला मुखपट्ट दिला आणि चाळणीवर आच्छादन घातले नाही, त्याने आपले काम कामगाराच्या नाकावर ढकलले, असे म्हणावे लागेल.

आपण सामान्य माणसे काय करू शकतो? एक सोपी परीक्षा सांगतो. छपराच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत उन्हाचा कवडसा येतो, तेव्हा त्यात नाचणारे कण दिसतात. कवडशाबाहेरची हवा स्वच्छ दिसते, पण ती तशी नसते. तेच कण तेथेही असतात. कामाच्या जागी दिवे मंद करून एका बाजूने विजेरीचा प्रखर झोत सोडावा आणि समोरच्या बाजूने, झोत थेट डोळ्यांत येऊ न देता, पाहावे. धूळ कोठून उठते आणि कोणाच्या तोंडाकडे जाते, हे तेव्हा स्पष्ट कळते. मोठमोठ्या कारखान्यांतील तपासनीसही याच तत्त्वाचा दिवा वापरतात. ज्या वस्तूला आपण पाहू शकतो, तिच्याबद्दल बोलता येते, मागणी करता येते. आणि कामावरून घरी परतणाऱ्याने अंगावरचे कपडे झटकून नव्हे, तर भिजवून धुवावेत. म्हणजे वखारीतला खकाणा पाळण्यातल्या मुलापर्यंत पोहोचणार नाही.

श्रोतेहो, साखर, लोखंड, तंबाखू, ॲल्युमिना यांवर या सीमाभागातील हजारो चुली पेटतात. कण फोडल्यावाचून यातला एकही धंदा चालणार नाही, आणि ते थांबवावे असे कोणी म्हणत नाही. परंतु यंत्र विकत घेताना आपण विचारतो, हे तासाला किती माल काढील? त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे: मालाबरोबर जी भुकटी निघेल, ती कोठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर 'पिशवीत' असे असेल, तर तो धंदा शहाण्याचा. उत्तर 'हवेत' असे असेल, तर ती भुकटी कोणाच्या तरी छातीत जाणार, आणि ती छाती बहुधा आपल्याच गल्लीतल्या कोणा माउलीची असणार.